विंडोज नको, त्यातला काटा हवा

मला विंडोज नको असतं. विंडोजमधला एक प्रोग्राम हवा असतो, तोही जेमतेम दहा मिनिटांसाठी.

माझं काम वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनचं. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीला, केबल जोडायची, प्रमाणित वजनं चढत्या क्रमाने ठेवत जायची, मग उतरत्या क्रमाने काढायची, प्रत्येक टप्प्याचा आकडा टिपायचा, दुरुस्तीचे गुणांक इंडिकेटरमध्ये परत भरायचे आणि शेवटी प्रमाणपत्र काढायचं. इंडिकेटरशी बोलणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कधीकाळी फक्त विंडोजसाठी लिहिलं आणि तिथेच सोडून दिलं. माझं बाकी सगळं, म्हणजे मेल, हिशेब, फोटो, हे असलं लिखाण, लिनक्सवर चालतं. म्हणून लिनक्सच्या पोटात विंडोजचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा एक आभासी संगणक, ठेवलं आहे. त्यात तीनच कामाच्या गोष्टी आहेत: हा कॅलिब्रेशनचा प्रोग्राम, मॅक्रोंनी गच्च भरलेली एक्सेलची फाइल जी काही ग्राहकांना तशीच्या तशी हवी असते, आणि जुन्या नोंदींचा एक अ‍ॅक्सेस डेटाबेस.

आता सरळ मार्गाने यातलं काही उघडायचं म्हणजे काय होतं बघा. व्हर्च्युअल मशीनं सांभाळणारा व्हर्ट-मॅनेजर उघडा, यादीतून मशीन निवडा, ते चालू करा, त्याची खिडकी मोठी करा, विंडोज डोळे चोळत उठेपर्यंत थांबा, पासवर्ड टाका, आणि मग त्या खिडकीच्या आतला स्टार्ट मेनू उघडून प्रोग्राम पुन्हा नव्याने शोधा. तोवर काट्यासमोर उभा असलेला माणूस दोनदा घड्याळाकडे बघून झालेला असतो. याउलट लिनक्सवरचा कुठलाही प्रोग्राम मी ऑल्ट आणि स्पेस दाबून, दोन-तीन अक्षरं टाइप करून, एंटर मारून उघडते. मी केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप वापरते आणि त्यातला हा लाँचर म्हणजे केरनर. जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये सुपर की (विंडोजच्या चिन्हाची कळ) दाबून हेच होतं, कुणी रोफी वापरतं, कुणी यूलाँचर, मॅकवाले स्पॉटलाइट किंवा आल्फ्रेड. नाव काहीही असो, बोटांना एकदा ही सवय लागली की मेनूत माउस घेऊन फिरणं नकोसं होतं.

लाँचरला व्हर्च्युअल मशीनमधले प्रोग्राम दिसत नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने ते मशीन म्हणजे डिस्कवरची एक मोठी फाइल. आत काय आहे ते त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. म्हणजे कुणीतरी त्याला सांगायला हवं.

ही गरज जुनी आहे. विंडोज ७ आलं तेव्हा, २००९ साली, मायक्रोसॉफ्टने त्याच्या वरच्या आवृत्त्यांसाठी एक्सपी मोड दिला होता. आत एक अख्खं विंडोज एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायचं, पण त्यात बसवलेले प्रोग्राम बाहेरच्या विंडोज ७ च्या स्टार्ट मेनूत दिसायचे. तिथून उघडले की एक्सपीचा डेस्कटॉप न दिसता नुसती त्या प्रोग्रामची खिडकी यायची. मॅकवर पॅरलल्समध्ये कोहेरन्स, व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये युनिटी आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये सीमलेस, या तिन्ही सोयी त्याच कुळातल्या. गंमत म्हणजे आता प्रवाह उलटाही वाहतो: विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, बसवून लिनक्सचा एखादा खिडकीवाला प्रोग्राम टाकला की तो विंडोजच्या स्टार्ट मेनूत आपोआप उगवतो. आतून ते जे तंत्र वापरतं ते रिमोट डेस्कटॉपचंच, म्हणजे एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दाखवण्याचं आहे, अख्ख्या पडद्याऐवजी एकेक खिडकी पाठवणारं. मी जे जुळवलं आहे ते त्याचंच घरगुती भावंड.

व्हर्च्युअलबॉक्सचा सीमलेस मोड मी बराच काळ वापरला. होस्ट की (व्हर्च्युअलबॉक्सने स्वतःसाठी राखलेली कळ) आणि एल दाबलं की विंडोजचा डेस्कटॉप नाहीसा होतो आणि त्याच्या खिडक्या लिनक्सच्या खिडक्यांत मिसळतात. दिसायला छान. पण तो मोड सगळं मशीन एकदम मिसळतो, टास्कबारसकट. तो चालू करण्याआधी मशीन चालू असावं लागतं, आणि माझी खरी अडचण नेमकी तिथेच होती. खिडकी कशी दिसते हा नंतरचा प्रश्न. प्रोग्रामचं नाव टाइप केलं त्या क्षणी मशीन कुठल्या अवस्थेत आहे, ते बंद आहे, झोपलं आहे की चालू आहे, याचा विचार मी करू नये, दुसऱ्या कुणीतरी करावा, हे मला हवं होतं.

लिनक्सवरच्या लाँचरला नवा प्रोग्राम शिकवणं अगदी सोपं आहे. होम फोल्डरात लपलेल्या डॉट-लोकलमध्ये शेअर, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स नावाचं फोल्डर असतं. तिथे डेस्कटॉप हे शेपूट असलेली एक साधी मजकूर-फाइल ठेवायची. तिच्यात प्रोग्रामचं नाव, तो चालवण्याची आज्ञा, आयकॉनचा पत्ता आणि शोधशब्द एवढ्या ओळी पुरतात. सगळे लाँचर हीच फाइल वाचतात, कारण तिचं स्वरूप फ्रीडेस्कटॉपच्या प्रमाणकात ठरलेलं आहे. उद्या मी प्लाझ्मा सोडून जीनोमवर गेले तरी माझ्या तिन्ही फाइली तशाच चालतील. त्यामुळे एखाद्या लाँचरचं खास प्लगइन वगैरे लिहिण्याच्या फंदात मी पडले नाही, आणि तुम्हीही पडू नये असं माझं मत आहे.

आयकॉनसाठी आयकोयूटिल्स नावाच्या पॅकेजमधलं रेस्टूल वापरलं. ते विंडोजच्या प्रोग्राम-फाइलच्या आतून तिचा आयकॉन उपटून देतं. कॅलिब्रेशनच्या प्रोग्रामचा आयकॉन बत्तीस बाय बत्तीसचा, कडा फाटलेला आहे. राहू दे. डोळ्यांना तोच ओळखीचा आहे.

आता ती 'चालवण्याची आज्ञा'. सगळी करामत तिथे आहे. ती आज्ञा माझ्या एका छोट्या बॅश स्क्रिप्टला, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलला, हाक मारते आणि सोबत कुठला प्रोग्राम हवा ते सांगते. तिन्ही प्रोग्रामना स्क्रिप्ट एकच.

स्क्रिप्ट आधी व्हर्शला मशीनची अवस्था विचारते. माझं मशीन केव्हीएमवर, म्हणजे लिनक्समधल्याच व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर, चालतं, ते हाताळणारं लिबव्हर्ट, आणि लिबव्हर्टशी कमांड लाइनवरून बोलायचं साधन म्हणजे व्हर्श. उत्तर 'रनिंग' आलं तर पुढे जायचं. 'पॉज्ड' आलं तर रिझ्यूम. 'शट ऑफ' आलं तर स्टार्ट. इथे एक बारकावा आहे जो कामाचा ठरतो. मशीनची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ते थांबवण्याची एक सोय आहे, मॅनेज्ड सेव्ह नावाची. असं थांबवलेलं मशीनसुद्धा अवस्था विचारली की 'शट ऑफ' असंच सांगतं. मग त्याला स्टार्ट म्हटलं की लिबव्हर्ट स्वतःच बघतं, जतन केलेली मेमरी आहे का. असेल तर तिथून उचलायचं, नसेल तर कोरी सुरुवात. म्हणजे झोपलेल्या आणि बंद मशीनसाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी फांदी लागत नाही.

लाँचरमुळे काम झटपट होतं असं वाटतं, पण खरा वेग या मॅनेज्ड सेव्हमधून येतो. विंडोज शून्यातून उठायला वेळ लागतो, उठल्यावर त्याच्या मागे चाललेली नाना कामं संपायला आणखी वेळ लागतो. डिस्कवर उतरवलेली मेमरी परत चढवली की मात्र सगळं सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू. मशीनला मी चार जीबी मेमरी दिली आहे. जास्त दिली असती तर जतन करायला आणि उचलायला तेवढा जास्त वेळ लागला असता, शिवाय डिस्कवर तेवढी जागा गेली असती. या कामासाठी चार पुष्कळ झाली. मेमरी सढळ हाताने द्यायची सवय इथे उलट अंगाशी येते.

पण अशा मशीनला मध्ये गेलेल्या वेळेची खबर नसते. काल संध्याकाळी झोपवलं आणि आज सकाळी उठवलं तर त्याच्या घड्याळात अजून काल संध्याकाळच असते. एरवी याने काही बिघडत नाही, विंडोज हळूहळू घड्याळ जुळवून घेतं. माझ्या बाबतीत मात्र प्रोग्राम प्रमाणपत्रावर तपासणीची तारीख आणि वेळ मशीनच्या घड्याळातून उचलतो. आज तपासलेल्या काट्यावर कालची तारीख, हा ज्या कागदाचा सगळा अर्थ विश्वासात आहे त्याच्यावरचा डाग. म्हणून मशीन उठल्याबरोबर स्क्रिप्ट व्हर्शची डॉमटाइम ही आज्ञा चालवते, 'नाउ' या पर्यायासह. ती बाहेरच्या संगणकाची वेळ आतल्या विंडोजला देते. त्यासाठी विंडोजमध्ये क्यूईएमयूचा गेस्ट एजंट, म्हणजे बाहेरच्या आज्ञा आत ऐकणारा छोटा प्रोग्राम, बसवलेला असावा लागतो. व्हर्टआयओ या ड्रायव्हरांची जी विंडोजसाठीची डिस्क-प्रतिमा मिळते तिच्यातच तो असतो. बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण तारखेशी संबंध असलेलं कुठलंही काम झोपवून ठेवलेल्या मशीनमध्ये करणार असाल तर ही एक ओळ विसरू नका.

मग वाट बघणं. मशीन 'रनिंग' झालं याचा अर्थ आतलं विंडोज बोलायला तयार झालं असा होत नाही. प्रोग्रामची खिडकी रिमोट डेस्कटॉपवरून येणार, म्हणून स्क्रिप्ट ३३८९ या पोर्टवर, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या ठरलेल्या दारावर, दर अर्ध्या सेकंदाने टकटक करत राहते. दार उघडलं की पुढे. मिनिटभरात उघडलं नाही तर 'मशीन उठलं नाही' अशी सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दाखवून स्क्रिप्ट गप्प बसते. नुसतं 'पाच सेकंद थांब' असं लिहिता आलं असतं, पण झोपेतून उठणं आणि शून्यातून उठणं यांच्या वेळेत एवढा फरक आहे की एकच आकडा दोन्हीकडे चुकीचा ठरतो. मशीनचा पत्ता दर वेळी बदलू नये म्हणून लिबव्हर्टच्या नेटवर्कमध्ये तो पक्का करून ठेवला आहे. मुळात ठेवलेल्या नेटवर्कमध्ये हे पत्ते १९२.१६८.१२२ ने सुरू होतात.

दार उघडल्यावर फ्री-आरडीपी, म्हणजे लिनक्सवरून रिमोट डेस्कटॉपला जोडणारा प्रोग्राम. या प्रोग्रामला अख्ख्या डेस्कटॉपऐवजी 'अ‍ॅप' या पर्यायाने एकच प्रोग्राम मागता येतो. विंडोजच्या बाजूला यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, विंडोज प्रो किंवा वरची आवृत्ती, कारण होम आवृत्ती बाहेरून येणारी रिमोट डेस्कटॉपची जोडणी स्वीकारत नाही. दोन, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) टर्मिनल सर्व्हिसेसच्या धोरणाखाली 'एफ-अलाउ-अनलिस्टेड-रिमोट-प्रोग्राम्स' नावाची नोंद करून तिच्यात १ भरायचा. नाव लांबलचक आहे, अर्थ साधा: यादीत नसलेला प्रोग्रामही असा एकटा उघडू दे. हेच सगळं जास्त नीटनेटकं करून देणारा विनअ‍ॅप्स नावाचा मुक्त प्रकल्प आहे. एक्सेल, वर्ड असे नेहमीचे प्रोग्राम असतील तर सरळ तो वापरा. मला घड्याळाचं आणि केबलचं दुखणं होतं, म्हणून स्वतःची स्क्रिप्ट.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नाही. तो डेस्कटॉपच्या पासवर्ड-पेटीत ठेवला आहे आणि सीक्रेट-टूल तो मागून घेतं. रिमोट डेस्कटॉपने आत शिरणं म्हणजेच लॉग-इन, त्यामुळे विंडोजचा पासवर्डचा पडदा मला आता दिसतच नाही. फक्त एक सांगते: व्हर्ट-मॅनेजरमधून मशीनचा पडदा उघडून ठेवला असेल आणि त्याच वापरकर्त्याने रिमोट डेस्कटॉपवरून आत आलात, तर पडद्यावर लगेच कुलूप दिसतं. त्यात बिघाड काही नाही. अशा विंडोजमध्ये एका वेळी एकच जण समोर बसू शकतो, आणि तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसलेले असता.

टर्मिनलमधून मुकाट चालणारी स्क्रिप्ट लाँचरमधून हाक मारली की ढिम्म हलत नाही, हा प्रकार यात हमखास होतो, आणि त्याचं कारण कळलं नाही तर माणूस वेडा होईल. टर्मिनल उघडताना आपली बॅशची सेटिंग्ज वाचली जातात, लाँचर ती वाचत नाही. साधा वापरकर्ता म्हणून व्हर्श चालवलं की ते मुळात 'सेशन'ची, म्हणजे त्या वापरकर्त्याची स्वतःची, मशीनं बघतं, आणि व्हर्ट-मॅनेजरमध्ये केलेलं मशीन बहुतेकदा 'सिस्टिम'मध्ये, म्हणजे सगळ्या संगणकाच्या यादीत, असतं. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये कुणी 'सिस्टिम बघ' असं लिहून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे चालतं. लाँचरच्या वाटेने गेलं की व्हर्श म्हणतं, या नावाचं मशीनच नाही. उपाय: कुठे जोडायचं ते प्रत्येक व्हर्श-आज्ञेत स्पष्ट लिहायचं, आणि स्वतःच्या फोल्डरातल्या स्क्रिप्टचे पत्ते पूर्ण द्यायचे. शिवाय लाँचरमधून चालवलेल्या स्क्रिप्टची कुरकुर ऐकायला समोर टर्मिनल नसतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर सूचना दाखवायच्या. माझ्या सूचना मराठीत आहेत. 'काटा उठतोय' ही त्यातली पहिली.

दुसरा प्रकार माणसाच्या स्वभावातला. एंटर मारलं, दोन सेकंद काही दिसलं नाही, की हात आपसूक पुन्हा एंटरकडे जातो. मग दोन स्क्रिप्टा एकाच मशीनला एकदम उठवायला निघतात आणि एकमेकींच्या पायात पाय घालतात. फ्लॉक नावाचं जुनं साधं साधन आहे: पहिली स्क्रिप्ट एका फाइलवर कुलूप लावते, दुसरीला कुलूप दिसलं की ती निमूटपणे परत फिरते. खिडकी आली की कुलूप निघतं.

आता कीबोर्ड. लाँचरचं सगळं सुख त्या एका जोडगोळीत आहे, माझ्यासाठी ऑल्ट आणि स्पेस. विंडोजच्या प्रोग्रामची खिडकी समोर असताना तीच जोडी दाबली आणि फ्री-आरडीपीने कीबोर्ड धरून ठेवलेला असला तर ती दाब आत जाते. विंडोजमध्ये ऑल्ट-स्पेसचा अर्थ वेगळा: खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातला तो छोटा मेनू उघडतो, रिस्टोअर, मूव्ह, क्लोज वगैरे. म्हणजे लाँचर मागितला आणि भलतंच हाती आलं. पुढे सवयीने टाइप केलेल्या अक्षरांतलं एखादं सी असेल तर क्लोजच व्हायचं. फ्री-आरडीपीला 'कीबोर्ड धरू नकोस' असं सांगणारा पर्याय आहे, तो लावून टाकला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल की मधला दरवान असते, तिथे हे वेगळ्या तऱ्हेने सोडवावं लागतं.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांचा एक खास त्रास, ज्याबद्दल इंग्रजी लेखांत अवाक्षर सापडणार नाही. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करते. असा एखादा लेख लिहिता लिहिता मध्येच लाँचर उघडला तर कीबोर्ड अजून देवनागरीतच असतो. 'कॅलिब' म्हणून रोमन अक्षरांच्या कळा दाबल्या की पडद्यावर उमटतं 'मोतगव'. लाँचर बिचारा 'मोतगव' शोधतो, सापडत नाही म्हणतो. मग मागे जा, कीबोर्ड बदला, परत टाइप करा. यावर माझा उपाय सरळ आहे: डेस्कटॉप-फाइलच्या शोधशब्दांच्या ओळीत मी 'मोतगव' हाही शब्द लिहून टाकला. सोबत 'काटा', 'वजन' आणि 'प्रमाणपत्र' आहेत. आता कीबोर्ड कुठल्याही लिपीत असो, प्रोग्राम सापडतो. हाच उपाय मी लिनक्सच्या चार-पाच नेहमीच्या प्रोग्रामनाही लावला आहे, व्हर्च्युअल मशीनशी त्याचा काही संबंध नसला तरी. मूळ फाइल आपल्या अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरात उतरवून घ्यायची आणि तिच्यात शब्द घालायचे. आपल्या फोल्डरातल्या फाइलीला सिस्टिमच्या फाइलीपेक्षा मान जास्त.

प्रत्येक प्रोग्रामला थेट कीबोर्ड-शॉर्टकट का नाही दिला, असं एका मैत्रिणीने विचारलं. देता येतो, प्लाझ्मात डेस्कटॉप-फाइलला सरळ शॉर्टकट जोडता येतो. पण अ‍ॅक्सेसचा डेटाबेस मी क्वचित उघडते. तेवढ्या काळात कंट्रोल-ऑल्टबरोबर कुठलं अक्षर होतं ते डोक्यातून गेलेलं असतं. नाव जात नाही.

मशीनमधलं सगळंच लाँचरमध्ये आणायचा मोह मात्र आवरा. मॅकवर पॅरलल्स हे आपणहून करतं: विंडोजमधल्या प्रोग्रामांसाठी मॅकच्या बाजूला छोटे प्रतिनिधी-प्रोग्राम तयार करतं आणि ते शोधात येतात. सोय चांगली, पण मग विंडोजचं नोटपॅड, पेंट, कॅल्क्युलेटर, आणि कुठल्या कुठल्या प्रोग्रामचे अनइन्स्टॉलरसुद्धा रांगेत येऊन उभे राहतात. 'कॅल' टाइप केलं की समोर दोन कॅल्क्युलेटर, आणि चुकून विंडोजचा निवडला तर एका बेरजेसाठी अख्खं मशीन जागं होणार. ज्यासाठी हे मशीन बाळगलं आहे तेवढंच बाहेर दिसावं. माझ्याकडे तीन नोंदी आहेत, आणि चौथी 'विंडोज बंद' नावाची, जी मशीन खरोखर बंद करते. ती लागते, कारण कायम झोपत-उठत राहिलेल्या विंडोजला अपडेटसाठी रीस्टार्ट व्हायची संधीच मिळत नाही. महिन्याकाठी एकदा त्याला पूर्ण बंद करून, चालू करून, त्याची सगळी रडगाणी संपेपर्यंत एकटं सोडते.

झोपवणं आपोआप होतं. सिस्टिमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाचा एक टायमर दर काही मिनिटांनी बघतो, फ्री-आरडीपीची एखादी खिडकी उघडी आहे का. बराच वेळ नसेल तर मॅनेज्ड सेव्ह. लगेच झोपवत नाही, कारण एक काटा झाला की पुढचा लागतोच, आणि चालू मशीनवर खिडकी उघडायला तर निमिषही लागत नाही.

फाइली. एक्सेलची फाइल लिनक्सच्या बाजूला असते आणि तिच्यावर डबल-क्लिक केलं की ती आतल्या एक्सेलमध्ये उघडायला हवी. फ्री-आरडीपीला होम फोल्डर आत दाखवायला सांगता येतं. विंडोजला ते 'टीएसक्लायंट' नावाच्या संगणकावरचं 'होम' असं दिसतं. स्क्रिप्ट फक्त पत्त्याचा भाषांतर-उद्योग करते: सुरुवातीचा होम फोल्डरचा भाग काढून तिथे विंडोजचा पत्ता लावायचा आणि उरलेल्या सगळ्या तिरप्या रेघा उलट्या झुकवायच्या. फाइलच्या नावात मोकळ्या जागा असतात हे धरून अवतरणचिन्हं जपायची. अ‍ॅक्सेसचा डेटाबेस मात्र मी असा बाहेर ठेवलेला नाही, तो मशीनच्या आतच आहे. उघडा असताना जो सतत लिहिला-वाचला जातो, कुलुपं लावतो आणि काढतो, त्याला असल्या उसन्या रस्त्याने पळवू नये.

माझ्यासारखं लिनक्स आणि केव्हीएम नसेल तरी हाडं हीच राहतात. व्हर्च्युअलबॉक्सला कमांड लाइनचं व्हीबॉक्समॅनेज आहे. त्यातली स्टार्टव्हीएम योग्य पर्यायासह मशीन पडद्याशिवायही उठवते आणि गेस्टकंट्रोल आतला प्रोग्राम चालवते. आत गेस्ट अ‍ॅडिशन्स हवेत आणि विंडोजच्या खात्याला पासवर्ड हवा, कोऱ्या पासवर्डवर विंडोज बाहेरून असं काही चालवू देत नाही. व्हीएमवेअरला व्हीएमरन आहे, पॅरलल्सला पीआरएलसीटीएल. अवस्था विचारा, उठवा, थांबा, चालवा: चारही पायऱ्या सगळीकडे सापडतात.

राहिली केबल. इंडिकेटरचं बोलणं आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीवरून, मध्ये यूएसबीची बदली-केबल, आत एफटीडीआय कंपनीची चिप. यूएसबीवर तिची ओळख ०४०३ आणि ६००१ या जोडीने होते. ही केबल मशीनला कायमची चिकटवून ठेवली तर ज्या दिवशी ती जोडलेली नसेल त्या दिवशी मशीन उठताना अडून बसतं. म्हणून कॅलिब्रेशनचा प्रोग्राम मागितला की स्क्रिप्ट आधी केबल दिसते का ते बघते, दिसली तर चालू मशीनला ती जोडते आणि झोपवण्याआधी काढून घेते. एकसारख्या दोन केबली लावल्या असतील तर नुसत्या या जोडीवरून लिबव्हर्टला नेमकी कुठली ते कळत नाही आणि ते तसं सांगून थांबतं. तेव्हा यूएसबीवरचा पत्ताही, म्हणजे बस आणि डिव्हाइसचा क्रमांक, द्यावा लागतो. मी दुसरी केबल पिशवीतच ठेवते, हे सोपं.

केबल नसेल तर 'केबल दिसत नाही' अशी सूचना येते, पण प्रोग्राम तरीही उघडतो. त्याला मी अडवलेलं नाही, कारण कित्येकदा कुणीतरी फोन करून हरवलेल्या प्रमाणपत्राची प्रत मागत असतं आणि त्यासाठी काटा जवळ असण्याची गरज नसते. प्रिंटर मशीनला दाखवलेलाच नाही. प्रोग्राम पीडीएफ काढतो, ती होम फोल्डरात पडते, आणि मेलला जोडायला मी परत ऑल्ट-स्पेस दाबते.